आधी शेण तोला: गोबरगॅसच्या कामात येऊ पाहणाऱ्यांसाठी

दर जून-जुलैत कुणाचा ना कुणाचा फोन येतो. ‘ताई, मेकॅनिकल झालंय, गावाकडच्या ऊर्जेच्या कामात यायचंय, सुरुवात कुठून करू?’ मी सांगते, एखादा बंद पडलेला गोबरगॅस शोध आणि त्याच्याजवळ दोन तास बस. पलीकडचा आवाज जरा हिरमुसतो. त्याला सोलर, बॅटरी, कार्बन क्रेडिट असं काहीतरी ऐकायचं असतं.

मी 2012 साली इचलकरंजीहून सिंधुदुर्गात आले ती अशाच तोऱ्यात. संस्थेत पगार नऊ हजार, राहायला एक खोली आणि काम गोबरगॅस बांधून घ्यायचं. हिशेब तोंडपाठ होता. एका घनमीटर गॅसला रोज पंचवीस किलो ताजं शेण, म्हणजे दोन घनमीटरच्या प्लांटला पन्नास. चार-पाच माणसांचा स्वयंपाक त्यात आरामात निघतो. पहिल्याच घरी गोठ्यात पाच जनावरं दिसली, दहा किलोंनी गुणलं आणि अनुदानाच्या अर्जावर ‘2 घनमीटर’ लिहून मोकळी झाले.

चार महिन्यांत त्या घरची शेगडी मिणमिणायला लागली. गळती शोधली, पाइप तपासला, बर्नर उकलून घासला. काही सापडेना. शेवटी एका सकाळी सहा वाजता काटा घेऊन गोठ्यात गेले, घरच्या काकूंनी शेण घमेल्यात भरलं आणि तोललं. सतरा किलो. कोकणातली गुरं छोट्या चणीची. त्यातून भातकापणी झाली की ती मोकळी सोडतात, दिवसभराचं शेण रानात पडतं आणि हाताला लागतं ते फक्त रात्री दावणीला पडलेलं. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मी विचारलं नव्हतं, म्हणून कुणी सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून नियम केला. अर्ज भरण्याआधी तीन सकाळी शेण तोलायचं, आणि जमलं तर एकदा पावसाळ्यात, एकदा मार्चमध्ये. एक घनमीटरचा प्लांट रोज पोटभर चालतो, दोन घनमीटरचा उपाशी राहिला की घरातला रस संपतो आणि मग सतरा किलोसुद्धा कुणी घालत नाही.

शेणाइतकंच पाणीही लागतं. पन्नास किलो शेणाला पन्नास लिटर, म्हणजे तीन-चार हंडे जास्तीचे. हे हंडे कोण आणणार, हा प्रश्न पुरुषांच्या बैठकीत कधीच निघत नाही. एप्रिलमध्ये विहीर तळाला गेली की घरातली बाई आधी गोबरगॅसचं पाणी तोडते, आणि तिचं बरोबरच असतं. म्हणून सर्व्हेला गेलात की ओसरीवर चहा घेऊन उठू नका. मागच्या दाराने विहिरीपर्यंत चालत जा, पावलं मोजा.

आता गवंड्याबद्दल, कारण सगळं घोडं इथंच अडतं. सध्या जास्त दिसतो तो दीनबंधू प्लांट. खादी ग्रामोद्योगच्या जुन्या मॉडेलवर गॅस साठवणारी लोखंडी टाकी वरखाली व्हायची; ती गंजायची आणि महागही पडायची. 1984 साली ‘ॲफप्रो’ या संस्थेने दीनबंधू आणला, त्यात टाकीच नाही, गॅस विटांच्या घुमटातच साठतो. स्वस्त झालं खरं, पण सगळी भिस्त गवंड्याच्या हातावर आली. आमच्याकडचे गवंडी चिऱ्याच्या कामात उस्ताद. जांभा चिरा सच्छिद्र, त्याचा घुमट गॅस धरत नाही. त्यामुळे वीट हवी, आणि चांगली वीट घाटावरून येते. आयुष्यभर चिरा लावलेल्या हाताला घुमटाची वीट नवी. तळाच्या मध्यावर खुंटी, खुंटीला तार, आणि प्रत्येक वीट त्या तारेने मापून बसवायची. दोन बोटांचा फरक पडला तरी घुमट पोट काढतो.

माझ्या दुसऱ्या की तिसऱ्या प्लांटला गॅस टिकेना. आतून गिलावा उत्तम, रंगाचे हात व्यवस्थित. साबणाचं पाणी ओतून बसले तर घुमटाच्या माथ्यावर, गॅसचा पाइप जिथे बाहेर येतो त्या सांध्यात, मोहरीएवढे बुडबुडे. गवंड्याने जेवणाच्या सुट्टीआधी तो पाइप बसवला होता आणि सुट्टीत कुणीतरी त्याला डबा लटकवला होता. सिमेंट ओलं असताना पाइप हलला, एवढंच. (काडी ओढून गळती शोधणारे महाभाग अजून भेटतात. तुम्ही तसं करू नका. आणि वापरातल्या, रिकाम्या केलेल्या प्लांटमध्ये ‘जरा बघतो’ म्हणून उतरू तर मुळीच नका; आतल्या वायूने माणूस ओरडायच्या आत कोसळतो.)

पुस्तकात न सापडणाऱ्या आणखी दोन गोष्टी. पहिली, प्लांट सुरू करताना एकदम दोनेक टन शेण लागतं. ते शेजारपाजाऱ्यांकडून मागून आणावं लागतं, आणि ज्याचं गावात पटत नाही त्याचा प्लांट अर्धाच भरतो. दुसरी, सुरुवातीचा गॅस पेटत नाही. त्यात कार्बन डायऑक्साइडच जास्त असतो, तो सोडून द्यायचा असतो. हे आधी सांगितलं नाही तर घरचे चार दिवस काड्या ओढतात, गावभर ‘फेल गेला’ होतं आणि पुढचे पाच अर्ज मागे घेतले जातात. सांगा, आणि शक्य असेल तर निळी ज्योत पेटेल त्या दिवशी तिथे हजर राहा.

चूल बंद होईल अशी आशा मात्र धरू नका. प्लांट छान चाललेल्या घरातही मला एका काकूंनी सुनावलं होतं, ‘बाये, भाकरी भाजूक चूल व्हयीच गो.’ अंघोळीचं पाणी चुलीवर, चहा-डाळ गोबरगॅसवर, पाहुणे आले की सिलिंडर. उज्ज्वला योजना 2016 ला आली, तेव्हापासून सिलिंडर बहुतेक घरी आहेच. अहवालात मी ‘चूलमुक्त घर’ लिहायचं सोडून दिलंय. लाकडाचे भारे आठवड्याला किती कमी झाले ते विचारते, बायका अचूक सांगतात.

शिक्षणाचं विचारतात त्यांच्यासाठी. पदवी असेल आणि पुढे शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईतलं ‘सितारा’ हे केंद्र बघा, 1985 पासून ग्रामीण तंत्रज्ञानावरच काम करतं आणि तिथे एम.टेक. करता येतं. पदवी नसेल, हाताने काम करायची आवड असेल, तर पुणे जिल्ह्यातल्या पाबळचा विज्ञान आश्रम. डॉ. कलबागांनी 1983 ला सुरू केला. एका वर्षात वेल्डिंग, बांधकाम, वीज, शेती सगळ्याला हात लागतो. पाबळहून आलेली मुलं साइटवर पहिल्या दिवसापासून उपयोगी पडतात, आम्ही पदवीवाले सहा महिने वही घेऊन फिरतो. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेचं उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याचं आणि खरकट्यावर चालणाऱ्या छोट्या बायोगॅसचं काम आवर्जून पाहा. या दोन्हींना ब्रिटनमधले, शाश्वत ऊर्जेसाठीचे ॲश्डेन पुरस्कार मिळाले होते, 2002 आणि 2006 ला.

नोकऱ्या आज सोलरमध्ये जास्त आहेत, ते नाकारण्यात अर्थ नाही. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ ही सरकारी योजना 2024 मध्ये आली, शेतकऱ्याने किमतीच्या दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीसाठी पाच. बसवणाऱ्यांना मागणी आहे. दुरुस्तीला कोण येणार, हे मात्र तिथेही पहिल्या दिवशी विचारा. मी वर्षभर सातपुड्यात सोलर घरदिव्यांचं काम केलं. एका पाड्यावर नऊ दिवे बसवले होते. दोन वर्षांनी गेले तर एक चालू. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालायला सांगितलं होतं, ते मिळायचं तीस किलोमीटरवर. लोकांनी झऱ्याचं घातलं, कारण झऱ्याचं पाणी त्यांच्या लेखी सगळ्यात स्वच्छ. यात चूक त्यांची म्हणाल? नववा दिवा चालू होता, कारण त्या घरचा मुलगा तालुक्याला आयटीआयला होता आणि दर महिन्याला बाटली आणायचा.

त्याच भागात, अक्राणी तालुक्यातल्या बिलगावला, उदई नदीच्या धबधब्यावर आदिवासींनी श्रमदान करून पंधरा किलोवॉटची वीज उभी केली होती. 2003 ला सुरू झाली. चालवायचे गावकरीच. 2006 च्या पावसाळ्यात सरदार सरोवर धरणाच्या फुगवट्यात ती गेली. मी तिकडे गेले तोवर काही उरलं नव्हतं, पण तारा कशा ओढल्या, मशीनघराची भिंत कुणी बांधली, हे सांगणारे होते. या क्षेत्रात येताना हेही माहीत असू द्या. आपण सगळं बरोबर करूनही प्रकल्प बुडू शकतो, आणि त्याचा निर्णय धबधब्यापासून फार लांब झालेला असतो.

नेपाळचं उदाहरण मी नवीन मुलांना नेहमी देते. तिथला बायोगॅस कार्यक्रम 1992 पासूनचा. त्यांचा प्लांटही विटा-सिमेंट-दगडाचाच, त्यात जादू नाही. पण बांधणाऱ्या कंपनीवर नंतरची सेवा बंधनकारक होती आणि तपासणीत काम वाईट निघालं की दंड बसायचा. आपल्याकडे अनुदान मिळतं ते प्लांट बांधून झाल्यावर. मग एका तालुक्यात मार्चएंडच्या आठवड्यात अकरा प्लांट ‘पूर्ण’ झालेले मी पाहिलेत, त्यातल्या तिघांना शेगडीच नव्हती.

म्हणून आता आम्ही प्रत्येक वाडीत एक माणूस आधी ठरवतो. बहुतेक वेळा दहावी-बारावी झालेली, लग्न होऊन त्याच वाडीत आलेली सून. पाइपातलं पाणी काढणं, बर्नर साफ करणं, साबणाने गळती शोधणं, एवढं दोन दिवसांत येतं. शेगडी पुकपुकायला लागली की नव्वद टक्के वेळा पाइपात पाणी साचलेलं असतं. नळी उतारावर नीट टाकली आणि पाण्याचा सापळा वेळेवर रिकामा केला की भागतं. भेटीमागे तिला घरवाले पन्नास रुपये देतात. संस्थेने द्यायचे नाहीत, हे आम्ही दोनदा हात पोळून शिकलो. आमचा निधी आटला की तिचं फिरणं थांबायचं.

मुलाखतीला जाल तेव्हा संस्थेला एकच विचारा: पाच वर्षांपूर्वीचे तुमचे प्लांट दाखवाल का? यादी नको, गाडी काढा म्हणावं. टाळाटाळ झाली तर परतीची एसटी धरा. दाखवले, आणि त्यातले काही बंदही निघाले, तर तिथे खुशाल राहा. बरोबर एक वजनाचा काटा, साबणाची वडी आणि जुने कपडे असू द्या. काटा पन्नास किलोपर्यंतचा घ्या, माझा पहिला पंचवीसचा होता, भरलेल्या घमेल्याला दोनदा तोलावं लागायचं.