काळ्या बॉनेटवरची जाळी

आमची गाडी काळी. रोज सकाळी एकाच बादलीतल्या गढूळ पाण्याचं फडकं फिरायचं, आणि उन्हात बॉनेटवर कोळिष्टकासारखे गोल ओरखडे चमकायचे.

ते घासून काढायला आधी भाड्याने रोटरी पॉलिशिंग मशीन आणलं. त्याचं पॅड नुसतं गरगर फिरतं, रंग पटकन तापतो. दाराच्या कडेला वरचा पारदर्शक थरच उडाला; तो डाग अजून आहे. मग ड्युअल ॲक्शन मशीन घेतलं. यात पॅड फिरता फिरता हेलकावतं, फार दाबलं तर फिरायचं थांबतं. नवख्या हाताला हेच घ्या, ५ इंची प्लेटचं (पॅड बसतं ती चकती).

खरी मेहनत मात्र त्याआधीची. गाडी शाम्पूने धुतली, क्ले बार (रंगाला चिकटलेली घाण ओढून घेणारी मऊ वडी) फिरवला, तेव्हा कुठे बोटांना लागणारी खरखर गेली. रबराला, काळ्या प्लास्टिकला मास्किंग टेप. सावलीत, दीड फुटाचा चौकोन, पॅडवर पॉलिशचे वाटाण्याएवढे ४ थेंब, आडवे-उभे सावकाश हात. दर चौकोनानंतर पॅड ब्रशने झाडायचं, नाहीतर पॉलिशच्या गुठळ्या होतात.

टॉर्च तिरका धरून पाहिलं, जाळी गेली होती! नख अडकेल असे दोन खोल ओरखडे मुद्दाम सोडले. ते काढायला गेलो असतो तर थरच संपला असता. आता धुवायला दोन बादल्या, पुसायला मायक्रोफायबर.