कॅलिफोर्निया: मुदत संपलेला मेकॅनिक्स लीन टायटलवरून असा काढला

घराच्या कर्जाचा रिफायनान्स अडला, कारण टायटल रिपोर्टमध्ये (मालकीहक्काची तपासणी) किचनच्या कंत्राटदाराने टाकलेला मेकॅनिक्स लीन, म्हणजे कामाच्या थकलेल्या पैशांसाठी घरावर नोंदवलेला बोजा, निघाला. न बसवलेल्या कपाटांचे पैसेसुद्धा त्यात धरलेले! फोन, ईमेल, तडजोडीची तयारी, काहीच उपयोगी पडलं नाही. काउंटी रेकॉर्डर फक्त कागद नोंदवतो, खरंखोटं बघत नाही. डोकं उठलं होतं.

सिव्हिल कोड, कलम 8460: लीन नोंदवल्यापासून 90 दिवसांत कंत्राटदाराने कोर्टात दावा लावला नाही तर लीन बाद. पण रेकॉर्डवर तसाच राहतो, आणि टायटल कंपनी तिथेच अडते.

आधी रेकॉर्डरकडे लिस पेंडन्स (मालमत्तेवर दावा चालू असल्याची नोंद) किंवा मुदतवाढीची नोंद नाही ना, ते पाहिलं. मग 'लीन सोडा' अशी लेखी नोटीस सर्टिफाइड मेलने पाठवली. तिच्यानंतर किमान 10 दिवस थांबावंच लागतं (8482); पोचपावती जपून ठेवा. नंतर घर असलेल्या काउंटीच्या सुपीरियर कोर्टात शपथेवर पिटिशन (8480), सोबत लीनची प्रमाणित प्रत. सुनावणीच्या किमान 15 दिवस आधी ते कंत्राटदाराला बजावलं. आदेशाची प्रमाणित प्रत रेकॉर्डरकडे नोंदवली, तेव्हा टायटल मोकळं झालं.

जिंकणाऱ्याला वकिलाची वाजवी फी मिळते (8488). न केलेलं काम फसवण्याच्या हेतूने लावलं असेल तर लीनच अवैध ठरतो. प्रामाणिक चुकीने नाही (8422). मात्र हे सिद्ध करणं जड, मुदतीचा मुद्दा सोपा. 90 दिवस व्हायचे असतील आणि घाई असेल, तर लीनच्या रकमेच्या 125 टक्क्यांचा बाँड (हमीपत्र) भरून तो सोडवता येतो (8424).