मायक्रोवेव्ह वापरताना या चुका टाळा

मायक्रोवेव्हच्या लहरी अन्नात उरतात, ही भीती अजून बऱ्याच घरांत आहे. त्या उरत नाहीत. ओव्हन बंद झाला की लहरीही संपल्या. खरा धोका असतो भांड्यात, पाण्यात आणि हौशी दुरुस्तीत.

सगळ्यात फसवं म्हणजे साधं पाणी. गुळगुळीत कपात तापवलेलं पाणी कधीकधी 100 अंशांच्या वर जातं, तरी त्याला उकळी फुटत नाही, कारण बुडबुडे धरायला खडबडीत जागाच नसते. वरून शांत दिसतं. मग कप हलला किंवा कॉफी पावडर पडली की ते एकदम उसळून हातातोंडावर येतं. म्हणून तापवायच्या आधीच कपात लाकडी चमचा ठेवा, वेळ बेताचाच लावा आणि मिनिटभर थांबून मग कप काढा. उकडलेलं अंडंही असंच दगा देतं, सोललेलं असलं तरी. कापूनच गरम करा.

श्रीखंडाचे रिकामे डबे आपण टाकत नाही, ते ठीकच. पण त्यात कालची तर्रीदार उसळ गरम करू नका. तेल पाण्यापेक्षा कितीतरी जास्त तापतं, डबा वितळायला लागतो. मेलामाइनच्या प्लेट आणि सोनेरी काठाचे कपही नकोत. कन्व्हेक्शनची, म्हणजे गरम हवेने भाजण्याच्या मोडची, लोखंडी जाळी मायक्रोवेव्ह मोडवर ठेवण्याआधी माहितीपुस्तिका बघा.

भांडं बरोबर असूनही ठिणग्या उडतात? आतल्या भिंतीवर, बहुधा उजवीकडे, पुठ्ठ्यासारखा चौकोनी तुकडा असतो. ती मायका शीट. तिच्यावर उडालेलं तेल आणि अन्नाचे कण जळले की ठिणग्या सुरू होतात. प्लग काढून ओल्या फडक्याने पुसा. काळी पडून भोक पडलं असेल तर बदलून घ्या. तोवर ओव्हन लावू नका.

भात कडेला वाफाळतो, मध्ये गार राहतो. अर्ध्यात थांबून ढवळा. बाळाच्या दुधाची बाटली मात्र गरम पाण्यातच ठेवावी.

अन्नाला 800 वॉट देणारा ओव्हन विजेच्या बोर्डातून साधारण 1200 वॉट ओढतो, म्हणून 16 अँपिअरचा सॉकेट लागतो. एक्स्टेंशन बोर्ड चालणार नाही. आत काही पेटलं तर दार उघडू नका, आधी सॉकेटचं बटण बंद करा.

आणि मागचं कव्हर घरी अजिबात उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा विद्युतभार साठून राहू शकतो.