दारूबद्दलच्या अपेक्षा जागेनुसार कशा तपासायच्या

‘दारू प्यायल्यावर काय होईल असं वाटतं?’ एवढंच विद्यार्थ्यांना विचारलं, तर उत्तर अर्धवट मिळतं. पार्टीत ‘बोलायला धीर येईल’ म्हणणारा मुलगा खोलीत एकटा असताना ‘टेन्शन उतरेल, झोप लागेल’ म्हणतो. म्हणून जागा आणि सोबतची माणसं स्पष्ट सांगूनच विचारावं. समुपदेशकाला किंवा प्राध्यापकाला पंधरा-वीस जणांच्या गटात दीड तासात हे जमतं. यात कुणाला दारू द्यायची नसते.

आधी चार प्रसंग दोन-दोन ओळींत लिहा: मोठ्या आवाजातली गर्दीची पार्टी, खोलीत तीन जवळचे मित्र, बारमध्ये नव्याने ओळख झालेली मंडळी, आणि एकटं. वेळ, उजेड, संगीत, कोण कोण पितंय, सगळं सांगा. प्रमाण मात्र चारही ठिकाणी एकच ठेवा, उदाहरणार्थ दोन तासांत दोन मापं. एक माप म्हणजे साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल: ५ टक्क्यांची २५० मिली बिअर किंवा ४० टक्क्यांची ३० मिली व्हिस्की. प्रमाण सांगितलं नाही, तर एक जण एका ग्लासाचा विचार करतो, दुसरा अर्ध्या बाटलीचा, आणि आकड्यांची तुलनाच होत नाही.

प्रत्येक प्रसंगाखाली तीच आठ विधानं द्या, चार हवीशी (‘मी मोकळेपणाने बोलेन’) आणि चार नकोशी (‘माझा तोल जाईल’), आणि १ ते ५ गुण मागा. कागदावर नाव नको. निम्म्या कागदांवर प्रसंगांचा क्रम उलटा ठेवा, नाहीतर पहिल्या प्रसंगाची उत्तरंच पुढे उतरवली जातात.

सगळ्यात जास्त बिघडतं ते इथे: चर्चा आधी होते आणि कागद नंतर भरले जातात. मग बोलक्या दोघा-तिघांचं मत सगळ्यांचं होतं. वर्गात, शिक्षकांसमोर भरलेल्या कागदांवर नकोशा परिणामांचे गुण फुगण्याची शक्यता असते, कारण वर्ग हीसुद्धा एक जागाच आहे. कागद भरताना शिक्षकांनी बाहेर थांबावं, आणि प्रसंग वाचल्यावर मिनिटभर डोळे मिटून तो डोळ्यांसमोर आणायला आधीच सांगून ठेवावं.

नंतर फळ्यावर प्रत्येक प्रसंगाची सरासरी मांडा. पार्टीतले ‘मोकळेपणा’चे गुण एकटेपणापेक्षा बरेच जास्त दिसले, तर विचारा: प्रमाण तेवढंच असताना हा फरक आला कुठून? यावर घाई करू नका, गटाला स्वतः बोलू द्या. मग १९७३ साली मानसशास्त्रज्ञ मार्लॅट आणि सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग सांगा. त्यात टॉनिक वॉटरमध्ये (सोड्यासारखं कडसर पेय) व्होडका आहे असं समजून पिणारे जास्त प्यायले, मग ग्लासात व्होडका असो वा नसो. पण याचा अर्थ दारू निरुपद्रवी असा कुणी काढू नये. तोल, प्रतिक्रियेचा वेग आणि निर्णयशक्ती खरोखरच बिघडते. हेही स्पष्ट सांगायला हवं.

कागदावर दोन प्रश्न जरूर जोडा: ‘इथल्या सरासरी विद्यार्थ्याला पिणं कितपत पटतं?’ आणि ‘तुम्हाला स्वतःला?’ अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ प्रेन्टिस आणि मिलर यांना (१९९३) दिसलं की, विद्यार्थी इतरांना पिण्याबाबत स्वतःपेक्षा जास्त निर्धास्त समजत होते. हीच दरी स्वतःच्या गटाच्या आकड्यांत दिसली की ‘सगळेच पितात’ हा समज ढिला होतो.

एकटं असताना ‘टेन्शन उतरेल’ला ५ देणारे कागद असतील, तर त्यांच्यावर गटात चर्चा टाळा. कागद निनावी असल्यामुळे समुपदेशकाची वेळ आणि खोली जाताना सर्वांनाच लिहून द्या.