लीप वर्षाचा हिशेब प्रोग्राममध्ये बरोबर कसा बसवावा

आधी नियम. वर्षाला ४०० ने भागा. बाकी शून्य आली तर वर्ष लीप, तिथेच थांबा. नाहीतर १०० ने भागा. भाग गेला तर वर्ष साधं. तोही जात नसेल तर ४ ने भागा. भाग गेला तर लीप, नाहीतर साधं. म्हणून २००० लीप होतं, १९०० नव्हतं आणि २१०० नसेल.

नुसतं ४ ने भागून काम उरकणारा कोड १९०१ ते २०९९ या काळात एकदाही चुकत नाही, आणि नेमकी हीच त्याची अडचण आहे: नेहमीच्या चाचण्यांत तो बिनबोभाट पास होतो. निदान १९००, २०००, २०२३, २०२४ आणि २१०० ही वर्षं तरी घालून बघा. एक्सेलचा डेटा आणत असाल तर जास्त जपा. एक्सेल प्रत्येक तारीख दिवसांच्या क्रमांकाने साठवतं. लोटस १-२-३ या जुन्या स्प्रेडशीट प्रोग्रामशी सुसंगत राहण्यासाठी त्याने २९ फेब्रुवारी १९०० ही कधी न उगवलेली तारीख अजून ६० व्या क्रमांकावर ठेवली आहे. त्यामुळे तिथले क्रमांक तारखांमध्ये बदलताना ३० डिसेंबर १८९९ हा शून्य दिवस धरा. १ मार्च १९०० पासून पुढचं सगळं बरोबर जुळतं.

खरी पडझड मात्र नियमात क्वचितच होते. ती होते तारखेत 'एक वर्ष मिळवताना'. वर्षाचा आकडा एकाने वाढवून दिवस-महिना तसाच ठेवला, की २९ फेब्रुवारीपासून अस्तित्वातच नसलेली तारीख तयार होते. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी मायक्रोसॉफ्टची अझूर ही क्लाउड सेवा याच कारणाने कोलमडली: तिच्या डिजिटल प्रमाणपत्रांची मुदत २९ फेब्रुवारी २०१३ अशी निघाली. तयार लायब्ररी वापरली तरी उत्तर एकच मिळेल असं नाही. जावाचं लोकलडेट २८ फेब्रुवारी देतं, जावास्क्रिप्टचं डेट १ मार्चवर सरकतं, पायथनमध्ये तारखेचं नुसतं वर्ष बदलू गेलात तर एरर येते. तेव्हा २८ की १ हे कोड लिहिण्याआधी ठरवा आणि दस्तऐवजात नोंदवा. विमा, वयोमर्यादा, वर्गणी अशा ठिकाणी हा निर्णय प्रोग्रामरने एकट्याने घेऊ नये.

आता पुनरावृत्ती. ४०० वर्षांत ९७ लीप वर्षं, म्हणजे १,४६,०९७ दिवस, बरोबर २०,८७१ आठवडे. त्यामुळे ४०० वर्षांनी वारांसकट सगळं कॅलेंडर परत येतं. लीप न होणारं शतकी वर्ष मध्ये आलं नाही तर २८ वर्षांनीही येतं: २०२८ चं कॅलेंडर २००० सारखंच आहे. एखादं जुनं यंत्र पुढचं वर्ष स्वीकारत नसेल, तर घड्याळ २८ वर्षं मागे लावून वार आणि फेब्रुवारी दोन्ही जुळवता येतात. हा तात्पुरता उपाय आहे. अहवालात छापली जाणारी वर्षं वेगळी दुरुस्त करावीच लागतात.

शेवटी चाचणीचं घड्याळ लीप वर्षातल्या २८ फेब्रुवारी, २९ फेब्रुवारी, १ मार्च आणि ३१ डिसेंबरवर लावून प्रणाली चालवा. ३१ डिसेंबर वगळू नका: त्या दिवशी वर्षाचा ३६६ वा दिवस असतो, आणि ३६५ घरांचा अ‍ॅरे तिथेच फुटतो.