छोट्या सेलबोटवर टॉपिंग लिफ्ट कशी बसवायची आणि किती ताणायची

मेनसेल म्हणजे मुख्य शीड वर असतं तोपर्यंत बूमचं, म्हणजे शिडाच्या खालच्या कडेच्या आडव्या दांड्याचं, वजन शीडच पेलतं, हॅलियार्ड (शीड वर ओढायची दोरी) सोडला की तो सगळा भार खाली येतो, आणि कॉकपिटमधे बसलेल्याचं डोकं नेमकं तिथेच असतं. म्हणून मास्टच्या (डोलकाठीच्या) टोकावरून बूमच्या मागच्या टोकाला एक दोरी येते, ती टॉपिंग लिफ्ट. कोकणातल्या जुन्या शिडाच्या होड्यांना हिची गरज नव्हती कारण तिथे शीड वरच्या परबानाला (तिरप्या वाशाला) लटकतं आणि खाली बूमच नसतो. छोट्या डिंगीवर पण बहुतेक नसते, बूम हलका, हाताने धरला तरी भागतं. पण १८ ते २५ फुटी केबिनवाल्या बोटीवर ती असलीच पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

दोरी ५ किंवा ६ मिमीची वेणीची पॉलिस्टर घ्या. नायलॉन नको, ताणला जातो. बाजारात मिळणारी ती निळी-पिवळी प्लास्टिकची दोरी तर अजिबात नको, उन्हात तिचे तंतू सुटतात आणि ती लवकर कमजोर होते.

मास्ट खाली आडवा असेल तर काम सोपं, वरच्या टोकाला शॅकलने (पिनेने बंद होणाऱ्या धातूच्या कडीने) बांधा आणि शॅकलची पिन तारेने पक्की करा, नाहीतर हलून हलून ती फिरते. मास्ट उभा असेल आणि वर पुली असून जुनी दोरी अजून तिच्यातून जात असेल तर नव्या दोरीचं टोक जुन्याच्या टोकाला टोकास टोक लावून शिवा, वर टेप गुंडाळा आणि हळूहळू ओढून घ्या. जुनी दोरी नसेल आणि एखादा जादा हॅलियार्ड मास्टच्या मागच्या बाजूने उतरत असेल तर तोच वापरा. वर चढायचंच असेल तर बोसन चेअर (दोरीला लटकणारी बसायची खुर्ची), शिवाय दुसऱ्या दोरीची सेफ्टी लाइन, आणि खाली दोरी धरणारा माणूस अनुभवी हवा, एकट्याने कधीच नाही.

खालचं टोक बूमच्या शेवटच्या पुलीतून घेऊन बूमच्या कडेने पुढे आणा आणि उभं राहून हात पोचेल अशा जागी कॅम क्लीट (दोरी दातांत पकडून ठेवणारा चिमटा) बसवा. टोकाला आठाची गाठ मारा म्हणजे दोरी क्लीटमधून निसटली तरी पुलीतून पळून जात नाही. काही जण खालचं टोक बोलाइनने (न सरकणाऱ्या फासाच्या गाठीने) बूमला कायमचं बांधून टाकतात, पण मग ॲडजस्ट काहीच करता येत नाही, म्हणून मला ते पटत नाही.

आता ताण. बोट मूरिंगवर, नाक वाऱ्याकडे, हवा मंद. मेनसेल पूर्ण वर घ्या, हॅलियार्ड कडक, मग मेनशीट (बूम आत ओढायची दोरी) आणि व्हँग (बूम खाली खेचणारी दोरी) ओढून बूम खाली बसवा. आता टॉपिंग लिफ्ट इतकी सोडा की तिच्यावर काहीच भार नाही, आणि वर अजून ४-६ इंच ढील द्या. क्लीटपाशी दोरीवर मार्करने खूण करा. मग मेनशीट आणि व्हँग सोडून लिफ्ट परत ओढा, बूमचं टोक आडव्या रेषेच्या जरा वर जाईल इतकी, तिथे दुसरी खूण, आणि मगच शीड उतरवा. या दोन खुणा असल्या की अंधारात सोडून बाकी कधी विचार करायला नको.

सेलिंग करताना लिफ्ट ताणलेली राहिली तर शिडाची मागची कड म्हणजे लीच ढिली पडते, शिडाची पिशवी होते आणि बोट वाऱ्याकडे नाक करायला तयारच होत नाही, लोक मग शीड जुनं झालं म्हणतात, आधी लिफ्ट बघा. उलट फार ढिली असली तर ती लीचवर आपटत राहते, शिवण घासते आणि टॅक मारताना (वाऱ्याची बाजू बदलताना) बॅटनच्या (शिडातल्या ताठ पट्टीच्या) टोकाला अडकते, त्यावर उपाय म्हणजे लिफ्टच्या खालच्या भागात दोन ठिकाणी ४ मिमी इलॅस्टिकची दोरी रोलिंग हिचने (दोरीवर न सरकणाऱ्या गाठीने) बांधायची, म्हणजे ढील तीच गोळा करते.

रीफ घेताना, म्हणजे जोराच्या वाऱ्यात शीड लहान करताना, क्रम असा: आधी लिफ्ट ओढा, मग मेनशीट आणि व्हँग सोडा, हॅलियार्ड हवा तेवढा खाली, शिडाची पुढची कडी हुकात, हॅलियार्ड परत ताणा, मागची रीफ लाइन ओढून कडक, आणि सगळ्यात शेवटी लिफ्ट ढिली. हे शेवटचंच राहून जातं. रीफमधे बूमची जागा बदलते त्यामुळे पहिली खूण इथे चालत नाही, लीचकडे बघूनच सोडा.

मुंबईत पावसाळ्याआधी बोट बाहेर काढतात तेव्हा लिफ्ट गोड्या पाण्यात धुवा आणि पुलीपाशी येणारा तुकडा बोटांनी चाचपून बघा, तिथे कडक किंवा केसाळ लागली तर दोरी बदला.