ओल आवडणारे आयरिस: कुठला पाण्यात ठेवायचा, कुठला नुसता ओलीत

आयरिस म्हटलं की बहुतेकांना तो बियर्डेड आयरिसच आठवतो, खालच्या पाकळीवर दाढीसारखा केसाळ पट्टा असलेला. त्याला ओल अजिबात खपत नाही, कंदाची पाठ उन्हात उघडी ठेवावी लागते आणि जरा पाणी साचलं की तो सडलाच. म्हणून लोक समजतात की आयरिस म्हणजे कोरड्या जागेचं झाड. पण याच कुळात ओलीवर जीव टाकणारी अख्खी टोळी आहे आणि बागेतला जो कोपरा कायम दमट राहतो, जिथे बाकी काही धड येत नाही, तिथे ही मंडळी काय फुलतात म्हणून सांगू!

फक्त एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. ओल आवडते म्हणजे वर्षभर पाण्यात बुडवून ठेवायचं असं नाही. कुणाला किती पाणी आणि मुख्य म्हणजे कुठल्या दिवसांत, हे प्रत्येकाचं वेगळं असतं. मी ही चूक केलीय. जपानी आयरिसची कुंडी तळ्यात उतरवून ठेवली, उन्हाळ्यात ताटलीएवढी जांभळी फुलं आली, मी खूश, कुंडी थंडीतही तशीच पाण्यात राहू दिली. वसंतात नवे कोंब येईनात म्हणून पानांचा झुबका धरून जरा ओढला तर तो अलगद हातातच आला, खाली कंदाच्या जागी तपकिरी चिखल आणि कुजका वास. फार वाईट वाटलं होतं तेव्हा, कारण झाडाचा काही दोषच नव्हता. जपानी आयरिस, म्हणजे आयरिस एन्साटा, वाढीच्या आणि फुलांच्या दिवसांत भरपूर पाणी पितो, तेव्हा बुडाशी थोडं पाणी असलं तरी चालतं, पण थंडीत तो झोपला की मुळांशी पाणी साचायला नको.

बारा महिने पाण्यात ठेवायचा असेल तर आयरिस लेव्हिगाटा घ्या, हा खरा पाण्यातला, कंदावर ५ ते १० सेंमी पाणी त्याला मस्त मानवतं. हे दोघं दिसायला इतके सारखे की नर्सरीत अदलाबदल होते. ओळखायची सोपी खूण सांगते, पान चिमटीत धरून आडवं बोट फिरवा, एन्साटाच्या पानाला मधोमध उंच शीर असते, बोटाला चक्क अडते, लेव्हिगाटाचं पान गुळगुळीत लागतं. विकत घेताना फूल नसलं तरी पान असतंच, तेवढं तपासून घ्या.

मग सायबेरियन आयरिस. नवशिक्यांनी यानेच सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे. गवतासारखी बारीक पानं, साधारण ६० ते १०० सेंमी उंची, फुलं लहान पण एका बेटात खूप येतात. याला ओलसर माती हवी पण पाणी साचलेलं नको, आणि एकदा रुळला की थोडा कोरडेपणाही काढतो. मात्र हिवाळ्यात बरी थंडी पडते तिथेच तो मनापासून फुलतो. हवा गरम असेल तर त्याच्या मागे लागू नका, लुइझियाना आयरिस लावा. हे मुळात अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या दलदलीतले, उष्णता आणि ओल दोन्ही सोसतात, यातल्या आयरिस फुल्व्हाचा तांबूस विटकरी रंग तर आयरिसमध्ये दुसरीकडे सहसा दिसतच नाही. यांचे कंद जमिनीलगत पळत जातात आणि उघडे पडले तर उन्हाने भाजतात, म्हणून यांच्यावर मल्च, म्हणजे मातीवरचं पांघरूण, हवंच, पालापाचोळा चालेल, पाइनच्या सुया मिळाल्या तर फारच छान.

पिवळा आयरिस, स्यूडाकोरस, याबद्दल मात्र सावध करते. मीटर-दीड मीटर उंच होतो, २५-३० सेंमी पाण्यातही उभा राहतो, काही केल्या मरत नाही, म्हणून कुणीही हौसेने देतं. पण त्याचं बी पाण्यावर तरंगत लांब जातं आणि कंदाचा तुकडा जिथे अडकेल तिथे रुजतो. मूळचा तो युरोप, पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेकडचा, उत्तर अमेरिकेत त्याने नदी-ओढ्यांचे काठ इतके व्यापले की तिथल्या काही राज्यांत त्याच्यावर बंदी आहे. तेव्हा ओढ्या-नाल्याजवळ तर लावूच नका, आणि बंदिस्त तळ्यात लावलात तरी शेंगा पिकायच्या आत कापून टाका. काठावर तशीच उंच, तलवारीसारखी पानं हवी असतील तर निळा आयरिस व्हर्सिकलर त्या मानाने खूप समजूतदार आहे.

आता माती. ओलीतल्या बहुतेक आयरिसना किंचित आंबट माती लागते, जपानीला तर पीएच (माती किती आंबट ते सांगणारा आकडा) साधारण ५.५ ते ६.५ च्या मध्ये असलेला बरा आणि चुना त्याला विषासारखा. चिमूटभर कोरड्या मातीवर व्हिनेगर टाकून बघा, फसफसली तर चुना आहे, मग जपानीचा हट्ट धरायचा तर मोठ्या कुंडीत वेगळी माती करूनच. पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसायला लागल्या की समजा लोह मिळत नाहीये, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा माती किंवा जड पाणी असतं. जमेल तेवढं पावसाचं पाणी साठवून तेच घाला, फरक दिसतो. हाडांचं खत टाळा, त्यातही चुना असतो.

दमट जागा नसेल तर करता येते हो. ४०-४५ सेंमी खोल खड्डा खणा, आत जाड प्लास्टिक किंवा तळ्याचं लायनर अंथरा आणि साधारण १ मीटरवर एकेक भोक पाडा. भोकं विसरू नका, नाहीतर खाली पाणी कुजून वास मारतं. त्यावर खडीचा पातळ थर, मग माती आणि चांगलं मुरलेलं कंपोस्ट निम्मं-निम्मं. असा खड्डा ओल धरतो पण तुंबत नाही. ऊन दिवसाला किमान ६ तास हवं, सावलीत नुसती पानं वाढतात.

लावताना मुळं क्षणभरही सुकू देऊ नका, बियर्डेडसारखं दिवसभर उघड्यावर ठेवणं इथे चालत नाही, पार्सल आलं की लगेच बादलीत भिजत घाला. सायबेरियनचा कंद ३ ते ५ सेंमी, जपानीचा ५ ते ७ सेंमी मातीखाली जाऊ द्या आणि दोन झाडांत ४५-५० सेंमी अंतर ठेवा. लावताना खड्ड्यात रासायनिक खत टाकू नका, कोवळी मुळं करपतात. झाड रुळलं की मात्र हे चांगलेच खादाड, वसंतात कोंब फुटताना एकदा आणि फुलं झाल्यावर एकदा, आम्लप्रिय झाडांचं खत द्या. पहिल्या वर्षी फूल आलं नाही तर लगेच उपटून जागा बदलू नका, ते खाली मुळं पसरत असतं.

जपानीची अजून एक सवय आहे. त्याची नवी मुळं दरवर्षी जुन्या मुळांच्या वर येतात, त्यामुळे बेट हळूहळू जमिनीतून वर उचललं जातं आणि ३-४ वर्षांत फुलं बारीक होत जातात. अशा वेळी फुलं संपली की अख्खं बेट खणून काढा, पाइपच्या पाण्याने माती धुवा म्हणजे कुठून तोडायचं ते दिसतं, आणि २-४ फुटव्यांचा एकेक तुकडा करून पानं १५-२० सेंमीवर छाटून पुन्हा खोल लावा, शक्यतो नव्या जागी. मधला जुना, लाकडासारखा झालेला भाग खुशाल फेकून द्या. सायबेरियनला एवढी घाई नसते, बेटाच्या मधोमध टक्कल पडलं की मग हात घाला, त्याची मुळं मात्र इतकी घट्ट विणलेली असतात की मी सरळ करवतीने कापते. हे सगळं करताना हातमोजे घाला, रसाने काहींच्या कातडीला खाज सुटते, आणि कुत्र्या-मांजरांनी कंद चावले तर त्यांना बाधतात म्हणून कापलेले तुकडे तिथेच टाकून जाऊ नका.

पानं वाळली की बुडापासून कापून उचलून घ्या, कारण जुन्या पानांत किडींची अंडी आणि गोगलगायी थंडी काढतात. तळ्यात ठेवलेल्या जपानी कुंड्याही त्याच दिवशी बाहेर काढून काठावर, माती ओली राहील पण पाणी निथळून जाईल अशा जागी, गळ्यापर्यंत जमिनीत पुरून ठेवा आणि कोंब वर आले की परत पाण्यात सोडा.